शरणपूरचे संसार

कर्जत स्थानकात पुण्याकडे निघालेल्या गाडीला जादा इंजिने लागतात आणि पळसदरी मागे टाकून गाडी घाट चढू लागते, तो बोरघाटाचा लोहमार्ग एप्रिल १८६३ मध्ये मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते खुला झाला, हे कर्जत-खालापुरातील फार थोड्यांना ठाऊक असेल. याच गव्हर्नरांचे नाव मिरवणारी एक वसाहत आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मोंबासा बेटासमोर आहे आणि तिच्या आद्य रहिवाशांत मराठी मुलखातील एका ख्रिस्ती खेड्यात लहानाची मोठी झालेली माणसे होती, हे तर त्याहूनही थोड्यांना. ते खेडे म्हणजे नाशिकचे शरणपूर. आज नाशिककर त्या नावाने एक गजबजलेला रस्ता ओळखतात; परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे नाव उच्चारले की डोळ्यांसमोर येई ती स्वतंत्र वस्ती, जिथे देवळाऐवजी चर्च, चावडीऐवजी पाद्रीसाहेबांचा बंगला आणि भावकीऐवजी मंडळी होती.

असे खेडे मुद्दाम वसवावे लागले, याचे कारण धर्मशास्त्रात शोधण्यापेक्षा संसारात शोधावे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बाप्तिस्मा घेणाऱ्या मराठी माणसाचा देव बदले तो मागाहून, त्याची पंगत बदले ती आधी. पाणवठा बंद होई, न्हावी-परीट येईनासे होत, आणि पत्नी माहेरी नेली जाई. १८४३ साली नारायण शेषाद्री यांनी मुंबईस ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याच्यावरून केवढे रण माजले! मुलगा अज्ञान म्हणून न्यायालयाने त्याला बापाच्या हवाली केले, आणि मग मिशनऱ्यांच्या घरी राहिलेल्या या पोराला पुन्हा जातीत घ्यावे की नाही यावर शास्त्रीपंडितांत तट पडले. बाळशास्त्री जांभेकरांसारख्या विद्वानाने शुद्धीची बाजू उचलली म्हणून त्यांनाही लोकांचा रोष पत्करावा लागला. सरकारने आपल्या परीने कायदे केले. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतरामुळे वारसाहक्क बुडणार नाही अशी हमी दिली, आणि योगायोग असा की १८६६ च्या एकविसाव्याच कायद्याने, ख्रिस्ती झालेल्या माणसाशी त्याचा जोडीदार नांदण्यास नकार देत असेल तर तो विवाह रीतसर मोडण्याची वाट करून दिली. परंतु दिवाणी हुकूमनाम्याने वडिलार्जित शेताचा हिस्सा मिळू शकला तरी बाळंतिणीच्या उशाशी बसणारी सासू काही मिळत नाही. लेकरू तापाने फणफणले असता रात्री कोणाचे दार ठोठवावे, मुलगी वयात आली असता स्थळ कोणी सुचवावे, विधवा झाल्यास भाकरी कोणी घालावी, आणि मेल्यावर खांदा कोणी द्यावा, ही सारी कामे ज्या गोतावळ्याकडे वहिवाटीने असत तो गोतावळाच तुटल्यावर त्याच्या बदली दुसरा उभा करणे, हे या खेड्यांचे खरे प्रयोजन होते.

चर्च मिशनरी सोसायटीचे काम नाशकात १८३२ पासून चालू होते. १८५४ मध्ये विल्यम सॉल्टर प्राइस या पाद्र्याने गावाबाहेर शरणपुराची वसाहत उभारली. नवख्रिस्ती कुटुंबांना घरे, अनाथ मुलामुलींना आश्रम, सर्वांना शाळा आणि मोठ्या मुलांना सुतारी, लोहारी अशा धंद्यांचे कारखाने, असा तिचा एकंदर बेत होता. मिशनरी लेखकांनी अशा वस्त्यांच्या भक्तिभावाचे पुष्कळ वर्णन केले आहे; मला मात्र त्यातील व्यवहार अधिक कुतूहलाचा वाटतो. कारण येथे एका नव्या जातीची सर्व कुलव्यवस्था एका पिढीत, आणि तीही बहुतांशी परक्या माणसांच्या मार्गदर्शनाखाली, तयार करायची होती. पाचवी-सहावीची पूजा नाही, तर मूल जन्मल्यावर काय करायचे? बाप्तिस्म्याचा विधी आला. पत्रिका नाही, तर सोयरीक कशी जुळवायची? अनाथाश्रमात वाढलेली मुलगी आणि कारखान्यात हत्यार धरायला शिकलेला मुलगा यांची गाठ घालून देण्याचे काम पाद्री व त्याची पत्नी यांच्याकडे आले. मुलीला शाळेत बसवणे आणि तिचे लग्न उशिरा करणे या ज्या दोन गोष्टींसाठी पुण्या-मुंबईच्या सुधारकांना पुढे पन्नास वर्षे लेखण्या झिजवाव्या लागल्या, त्या अशा वस्त्यांत फारसा गाजावाजा न होता अंगवळणी पडल्या, कारण नावे ठेवायला आत्या-मावश्याच उरल्या नव्हत्या. गोतावळा तुटल्याचा हा एक लाभ. तो लाभ ज्यांच्या पदरी पडला त्यांनी त्याची किंमत काय मोजली हे वर आलेच आहे.

या वस्तीत पुढे अशी मुले आली की ज्यांना तोडायलाही गोत उरले नव्हते. अरबी समुद्रातून गुलामांची ने-आण करणारी गलबते इंग्रजी आरमार पकडी, आणि त्यांतून सुटलेल्या आफ्रिकी मुलांपैकी कित्येक मुंबईच्या बंदरात उतरवली जात. त्यांच्यासाठी इझेनबर्ग या जर्मन पाद्र्याच्या देखरेखीखाली जो आफ्रिकी आश्रम चालला तो शरणपुरात येऊन स्थिरावला. न्यासा सरोवराच्या आसपास पकडलेली, साखळदंडात किनाऱ्यावर आणलेली ही पोरे गोदावरीकाठच्या शाळेत अक्षरे गिरवू लागली. कित्येकांना नावे मिळाली ती इंग्रज पाद्र्यांची वा परोपकारी मंडळींची: सायमन प्राइस, केरस फॅरार, जेकब वेनराइट. जानेवारी १८६६ मध्ये आफ्रिकेचे प्रवासी डॉक्टर लिव्हिंग्स्टन मुंबईहून अखेरच्या सफरीस निघाले तेव्हा त्यांनी यांपैकी नऊजण बरोबर नेले, आणि हे ‘नाशिकचे मुलगे’ पायपिटीला नालायक व कामचुकार आहेत अशा तक्रारी रोजनिशीत लिहून ठेवल्या. गुलामीच्या वाटेने एकदा चालून आलेल्या मुलांना त्याच वाटेने उलट चालताना पाय जड झाले असतील, हे त्या थोर प्रवाशाच्या ध्यानात आलेले दिसत नाही.

पुढील हकिगत मात्र डॉक्टरसाहेबांच्या तक्रारीला परस्पर उत्तर देणारी आहे. १८७२ मध्ये त्यांच्या मदतीला जी नवी तुकडी धाडली तिच्यात शरणपूरचे आणखी काहीजण होते, आणि जेकब वेनराइट त्यांतलाच. मे १८७३ च्या आरंभी चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारले. सोबतच्या माणसांनी त्यांचे हृदय एका झाडाखाली पुरले. जेकबने प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव व तारीख कोरली. नंतर देह उन्हात सुकवून, सालीत व कापडात गुंडाळून, या मंडळींनी तो महिनोन्महिने चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत अंत्यविधी झाला तेव्हा शवपेटिकेबरोबर चालण्याचा मान ज्यांना मिळाला त्यांत हा नाशिकचा विद्यार्थी होता. खांदा कोण देणार, या ज्या धास्तीतून शरणपूर जन्मास आले त्या शरणपुराच्या पोराने एका परक्याला दिलेला हा खांदा आहे.

परंतु मला जेकबच्या कीर्तीपेक्षा त्याच आश्रमात वाढून संसाराला लागलेल्यांची कथा अधिक मोलाची वाटते. विल्यम जोन्स, इश्मायल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड हे तिघे लिव्हिंग्स्टनच्याही आधी सहकुटुंब आफ्रिकेस परतले आणि मोंबासाजवळच्या रबाई येथील मिशनात काम करू लागले. झांझिबारच्या सुलतानाने १८७३ मध्ये गुलामांचा व्यापार बंद करण्याचा करार केला. तो घडवून आणण्याच्या खटपटीत फ्रिअर होते, आणि मुक्त गुलामांसाठी शरणपुराच्या धर्तीवर वसाहत करावी ही सूचनाही त्यांचीच. ती अमलात आणण्यासाठी सोसायटीने प्राइस यांनाच धाडले. १८७५ साली फ्रिअर टाउन वसले आणि नाशिक-मुंबईचे शंभरावर आफ्रिकी लोक तिकडे गेले; कोणी मास्तर झाला, कोणी सुतार, कोणी उपदेशक. तेथे त्यांना सर्वजण ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. १८८५ मध्ये जोन्स आणि सेमलर यांना ‘डीकन’ या आरंभीच्या धर्मपदाची दीक्षा मिळाली. लिव्हिंग्स्टनचा देह वाहणाऱ्यांपैकी मॅथ्यू वेलिंग्टन हा तर १९३५ पर्यंत मोंबासात हयात होता. ज्या वस्तीने आपली मुले अशी दूर देशी पाठवली ती स्वतः मात्र त्यांच्या जाण्याने ओसरू लागली, आणि हळूहळू नाशिक शहराने तिला पोटात घेतले.

गुण गाऊन झाले, आता दोष. अशा वस्तीत जागा मिशनची, शाळा मिशनची, कारखाना मिशनचा आणि चर्चही मिशनचे. म्हणजे रहिवाशाचा घरमालक, धनी, पंतोजी, पंच आणि पुरोहित ही पाचही पदे एकाच माणसाकडे. तो माणूस सज्जन असे, बहुधा असेच. पण त्याच्याशी मतभेद झाला तर दाद मागायची कोणाकडे? पगारासाठी भांडावे तर घर जाण्याची भीती, आणि घरासाठी भांडावे तर मुलीच्या लग्नात खोडा. नारायण शेषाद्री यांनी जालन्यानजीक बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसवले तेव्हा या परावलंबनाची जाणीव त्यांना असावी असे वाटते. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून, मुख्यतः मांग समाजातील कुटुंबांना तेथे शेती व हुन्नर यांवर उभे करण्याचा त्यांचा प्रयत्न होता, आणि अध्वर्यू एतद्देशीय होता एवढा तरी फरक होता. १८७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेत पागोटे घालून व्याख्यान देणारा हा गृहस्थ १८९१ साली परदेशाहून परतताना वारला. एकट्या माणसाच्या उमेदीवर उभ्या राहिलेल्या गावाला त्या माणसाच्या पश्चात जो धक्का बसतो तो ओळखायला इतिहासकार लागत नाही.

या व्यवस्थेवर सर्वांत धारदार टीका केली ती घरच्याच माणसाने. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी, म्हणजे ‘फुलामुलांच्या कवीं’नी, बावीस वर्षे मिशनच्या छत्राखाली काढल्यावर १९१७ मध्ये पगारी नोकरी सोडली, सातारा गाठले आणि ‘देवाचा दरबार’ स्थापला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र यावेत अशी त्यांची मनीषा होती. १९१९ च्या मे महिन्यात ते गेले आणि दरबार तेवढ्यावरच राहिला. पण टिळकांचे घर हाच त्याआधीपासून एक दरबार होता: दुष्काळातील अनाथ पोरे, प्लेगमधून वाचलेल्या मुली, वाटेत भेटलेला कोणीही, सर्वांना तिथे पान वाढले जाई. आमंत्रणे टिळक देत, पाट-पाणी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई करीत. लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याच्या लक्षात राहतो तो दरबाराचा ठरावबंद आराखडा नव्हे. लक्षात राहते ती सोवळ्याच्या संस्कारात वाढलेली बाई, जी प्रथम नवऱ्याच्या घरीही स्वयंपाक आणि पाणी वेगळे ठेवते आणि शेवटी कोणाच्याही लेकराला मांडीवर घेते. कोणत्याही सामुदायिक जीवनाच्या घटनेत असे कलम घालता येत नाही, आणि अशी बाई नसेल तर बाकीची कलमे कागदावरच राहतात, हे माझे स्पष्ट मत आहे. शरणपुरातही अशा बायका असल्याच पाहिजेत. त्यांची दप्तरे कोणी ठेवली नाहीत.

हा इतिहास कर्जत-खालापुरात बसून वाचताना त्यातले घराच्या जागेचे प्रकरण मला सर्वांत जवळचे वाटते. आमच्याकडच्या अनेक कातकरी वाड्या आजही दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर किंवा वनखात्याच्या हद्दीत उभ्या आहेत. पावसाळा सरला की वीटभट्टीच्या मालकाकडून उचल घेऊन कुटुंबे पोराबाळांसह बाहेर पडतात, शाळेच्या हजेरीपटावरील नावे तेवढी मागे राहतात, आणि मृगाच्या आधी परत आल्यावर कुडाची झोपडी जागेवर असेल की नाही हे जमीनमालकाच्या मर्जीवर ठरते. अलीकडे या दोन तालुक्यांत जमिनी घेऊन आश्रम, वसतिगृहे, सहजीवनाच्या वसाहती उभारण्याची हौस वाढली आहे. धर्म कोणताही असो, त्यांतील कित्येकांचा हेतू निर्मळ आहे याबद्दल मला शंका नाही. त्यांना एवढीच विनंती की एखाद्या वाडीचे भले करण्यास निघाला असाल, तर प्रथम तालुक्याच्या भूमिअभिलेख कचेरीत मोजणीची फी भरा, आणि घरठाणाचा उतारा नवरा-बायको या उभयतांच्या नावे करून तो त्यांच्या हाती द्या. प्रार्थनामंदिराच्या वर्गणीचे पावतीपुस्तक त्यानंतर छापा.