आधी आवाज, मग चित्र

कपाटातल्या कॅसेटी : भाग ५

अंतरपाट खाली आला, अक्षता पडल्या, ताईने हारही घातला. आणि मग कुठे भटजींचं शेवटचं ‘सावधान’ ऐकू आलं. ताईच्या लग्नाची कॅसेट एका दुकानातून डीव्हीडीवर करून आणली, ती घरी पहिल्यांदा लावली तेव्हाचा हा प्रसंग. सीमांतपूजनात सगळं जुळत होतं. मुहूर्तापर्यंत आवाज सेकंदभर मागे पडला. पंगतीत आजी नव्या जावयाला जिलबीचा आग्रह करत होती, तेव्हा तर तिचे ओठ मिटल्यावर शब्द येत होते. आई म्हणाली, ‘‘आवाज बंद कर, बघवत नाही.’’ आजीचा आवाज आमच्याकडे त्या एकाच कॅसेटवर आहे.

मागच्या भागात आपण कॅसेट संगणकात उतरवली. फाइल हातात आली की लगेच डीव्हीडी करायचा मोह होतो. तो आवरा. आधी आवाज दुरुस्त करायचा, त्याला किती जागा लागेल ते ठरवायचं आणि उरलेल्या जागेत चित्र बसवायचं, हा क्रम मी अनेक डीव्हीड्या वाया घालवून शिकलो. बहुतेक जण चित्राच्या मागे लागतात आणि आवाजाकडे शेवटी वळतात.

आवाज जुळत नाही म्हणजे नेमकं काय होतंय, हे पाहायला फाइलमधल्या तीन जागा निवडा : एक सुरुवातीची, एक मधली, एक शेवटची. तिथे आवाजाचा उगम डोळ्यांना दिसला पाहिजे. नारळ फुटतो, ताशावर काठी पडते, कोणी टाळी वाजवतं, असे क्षण शोधा. तिन्ही ठिकाणी फरक सारखाच असेल, तर दुखणं किरकोळ आहे. आवाजाची पट्टी तेवढीच पुढे किंवा मागे सरकवली की झालं. फरक सुरुवातीला शून्य, मध्ये एक सेकंद आणि शेवटी दोन सेकंद असा वाढत गेला असेल, तर आवाज आणि चित्र वेगवेगळ्या घड्याळांवर चाललेत. आणि अर्ध्या तासापर्यंत सगळं ठीक, मग एका जागी एकदम उडी, असं असेल तर त्या जागी चित्रातल्या चौकटी गळाल्या आहेत.

जाता जाता एक गोष्ट सांगतो, कारण तपासताना ती उपयोगी पडते. आवाज चित्राच्या मागे राहिला तर आपण बरंच खपवून घेतो, पण पुढे गेला तर लगेच खटकतो. दूरचित्रवाणीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत हा फरक आकड्यांत दिला आहे : आवाज पुढे असेल तर साधारण ४५ मिलिसेकंदांवर लक्षात येतो, मागे असेल तर साधारण १२५ वर. नदीच्या पलीकडे कोणी धुणं आपटत असेल तर आपण आधी हात पाहतो आणि आवाज मागून ऐकतो. कानाला ती सवय जन्मापासूनची आहे. म्हणून अगदी अचूक जुळवता येत नसेल, तर चूक मागे राहण्याच्या बाजूला ठेवा.

आता चौकटींचा हिशेब. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चौकटी असतात, म्हणजे एक चौकट ४० मिलिसेकंदांची. कॅसेट उतरवताना संगणक दुसऱ्या कामात गुंतला, हार्ड डिस्क मंदावली किंवा जुन्या टेपवर सुरकुती आली, की चौकटी गळतात. आवाज मात्र अखंड उतरत राहतो. २५ चौकटी गळाल्या की चित्र एका सेकंदाने पुढे धावलं. ताईच्या कॅसेटीत हेच झालं होतं. मी ती घरी पुन्हा उतरवली आणि गणेशपूजनातल्या नारळापासून वरातीच्या शेवटापर्यंतची लांबी दोन्हींत मोजली. दुकानातली प्रत अडीच सेकंदांनी आखूड निघाली, म्हणजे साठाहून अधिक चौकटी वाटेत हरवलेल्या. व्हर्च्युअलडबसारखे प्रोग्रॅम उतरवतानाच गळलेल्या चौकटींचा आकडा दाखवतात. तो वाढताना दिसला तर तिथेच थांबा, बाकीचे प्रोग्रॅम बंद करा आणि कॅसेट पहिल्यापासून लावा. गळलेल्या चौकटी नंतर कशानेही परत येत नाहीत.

फरक सावकाश आणि समान वाढत असेल तर मात्र उपाय सोपा आहे. चित्र एका कार्डातून आणि आवाज दुसऱ्यातून घेतला, की दोघांच्या घड्याळांत बारीक तफावत राहते. समजा, ९० मिनिटांच्या शेवटी आवाज २.७ सेकंद मागे आहे. ९० मिनिटं म्हणजे ५,४०० सेकंद, तेव्हा तफावत ०.०५ टक्के झाली. ऑडॅसिटीत आवाज उघडून त्याचा वेग तेवढाच वाढवा. सूर इतका कमी चढतो की गाणाऱ्याच्या कानालाही कळणार नाही.

डीव्हीडीला आवाजाचे नमुने सेकंदाला ४८ हजार लागतात. ऑडिओ सीडीचे ४४,१०० असतात आणि घरगुती डीव्ही कॅमेऱ्यांत ३२ हजारांचीही सोय होती. हे नमुने ४८ हजारांत नीट रूपांतरित करून घ्यावे लागतात. काही प्रोग्रॅम हे काम डीव्हीडी बनवताना घाईत उरकतात आणि तिथेच घोळ होतो. म्हणून आवाज आधीच वेगळा काढा, ४८ हजारांच्या वेव्ह फाइलमध्ये साठवा आणि मग पुढे जा. एमपी३ आवाज असलेल्या जुन्या एव्हीआय फाइलींना तर हे करायलाच हवं. मोबाइलवरचं चित्रण जोडणार असाल तर आणखी एक काळजी घ्या : फोन सेकंदाला कधी ३० चौकटी घेतो, उजेड कमी झाला की कधी २४. अशी फाइल आधी कायम २५ चौकटींची करून घ्या.

आवाजाच्या पातळीबद्दल थोडंसं. सनई-चौघडा आणि बँड यांच्या वेळी आवाज शून्य डेसिबलला टेकला की तो फाटतो, आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही. उतरवतानाच सर्वांत मोठा आवाज उणे ६ च्या आसपास राहील असं पाहा. याउलट तक्रारही येते : ‘‘डीव्हीडी केली, पण आवाज फार बारीक येतो.’’ तिचं कारण बहुधा डॉल्बी डिजिटलच्या एका आकड्यात असतं. संवादाची पातळी नोंदवणारा हा आकडा पुष्कळ प्रोग्रॅम उणे २७ ठेवतात. प्लेअर तो वाचून आवाज चार डेसिबलने खाली आणतो. तो उणे ३१ करा, प्लेअर आवाजाला हात लावणार नाही. सतत येणारी घुर्र असेल तर ती विजेच्या ५० हर्ट्झची आहे. व्हीसीआर आणि संगणक एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावून पाहा.

आता जागेकडे वळू. आवाज आधी का ठरवायचा, ते इथे आकड्यांतच दिसतं.

साध्या डीव्हीडीवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं, पण संगणक ४.३८ दाखवतो. यात कोणी फसवलेलं नाही. डीव्हीडीवरचा आकडा हजाराच्या पटीत मोजलेला असतो आणि विंडोज १,०२४ च्या पटीत मोजतं. ४.७ अब्ज बाइट म्हणजे ३७.६ अब्ज बिट. यातले चार-पाच टक्के मेनू आणि बांधणीसाठी, शिवाय कडेला थोडी जागा मोकळी ठेवण्यासाठी सोडले, की एक सोपं सूत्र मिळतं : ६ लाख भागिले मिनिटं. येणारं उत्तर म्हणजे आवाज आणि चित्र मिळून सेकंदाला किती किलोबिट खर्च करता येतील, तो आकडा. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. कडेला जागा सोडायची ती अशासाठी, की डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते आणि प्लेअर अडखळतो तो बहुतेकदा अगदी बाहेरच्या काठावर.

लग्नाची कॅसेट १८० मिनिटांची. ६ लाख भागिले १८०, उत्तर ३,३३३. आवाज न दाबता ठेवला तर तो एकटाच १,५३६ खातो. चित्राला उरले जेमतेम १,८००, म्हणजे फुलांच्या माळा आणि पैठणीचे काठ चौकोनांत विरघळणार. तोच आवाज डॉल्बी डिजिटलमध्ये १९२ वर ठेवला तर चित्राला ३,१०० हून अधिक मिळतात. साध्या व्हीसीआरवरचा आवाज बहुधा मोनो असतो, त्याला १९२ पुरून उरतात. एफएफएमपेगची तयार पाल-डीव्हीडी मांडणी वापरलीत तर आवाज ४४८ आणि चित्र ६,००० धरलं जातं. तीन तासांची फाइल त्यात मावणारच नाही, म्हणून आकडे स्वतः द्या.

व्हीएचएसवर मुळातच आडवा तपशील कमी असतो. तेव्हा पूर्ण ७२० बाय ५७६ चा हट्ट सोडून ३५२ बाय ५७६ घ्या. डीव्हीडीच्या नियमांत ते बसतं आणि ३,१०० त टवटवीत दिसतं. चित्राच्या तळाशी सतत थरथरणाऱ्या काही रेघा असतात, त्यांच्यावर काळी पट्टी टाका. टीव्हीवर त्या बहुधा दिसतच नाहीत, पण जागा मात्र खातात. मुंग्याही थोड्या पुसा, पण बेताने. फार पुसलं तर चेहरे मेणाचे होतात.

तरीही माझं मत विचाराल तर तीन तास एका डीव्हीडीवर कोंबू नका. विधी एकीवर, पंगत आणि वरात दुसरीवर. ९० मिनिटांना ६,६६६ मिळतात, आणि मग काटकसरीचं कारणच उरत नाही. एक तासाची फाइल असेल तर सूत्र १०,००० सांगेल, पण तेवढं देऊ नका. डीव्हीडीत चित्राची मर्यादा ९,८०० आहे आणि घरी लिहिलेल्या डीव्हीडीवर जुने प्लेअर त्याच्या बरेच आधी अडखळतात. मी ८,००० च्या पुढे जात नाही.

पेन ड्राइव्हवर फाइल नेताना ‘जागा नाही’ असा संदेश आला, आणि जागा तर भरपूर आहे, असं झालं तर ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचा आहे. त्यात ४ जीबीहून मोठी एक फाइल बसत नाही. आतला मजकूर दुसरीकडे काढून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

पुढच्या आठवड्यात मेनू आणि प्रसंगवार विभाग कसे करायचे ते पाहू. तोवर केलेली पहिली प्रत पुन्हा लिहिता येणाऱ्या डीव्हीडी-आरडब्ल्यूवर घ्या आणि ज्यांच्यासाठी करताय त्यांच्याच घरातल्या प्लेअरवर लावा. शेवटची दहा मिनिटं पुढे न पळवता, आवाज लावून पाहा. त्या दहा मिनिटांत शब्द ओठांवर पडत असतील तरच पक्की प्रत काढा, आणि त्यानंतरही मूळ कॅसेट कोरड्या जागी उभी करून जपून ठेवा.