ध्रुवप्रकाशाचे रंग : डोळा खरा कीं कॅमेरा?

नॉर्वेंत ध्रुवप्रकाश पाहून आलेले कित्येक प्रवासी एक तक्रार करितात : छायाचित्रांत जो हिरवा-तांबडा सोहळा दिसतो, तो प्रत्यक्षांत पुष्कळदां करड्या ढगासारखा फिकट वाटला, तेव्हां तीं चित्रें मागाहून रंगविलेलीं असलीं पाहिजेत! रंग भडक करून चित्रें विकणाऱ्यांची वकिली आम्ही करीत नाहीं. परंतु येथें मुख्य दोष आपल्या डोळ्याचाच आहे.

अंधुक उजेडांत आपल्या नेत्रांतील रंग ओळखणाऱ्या पेशी जवळजवळ निकामी होतात. ज्या जाग्या राहतात, त्यांना रंगभेद कळत नाहीं आणि तांबडा प्रकाश तर फारसा जाणवतच नाहीं. प्रकाश जोरदार असला तर हिरवा रंग डोळ्यांसही दिसतो. कॅमेरा मात्र तिवईवर ठेवून त्याचें भिंग ५ ते १० सेकंद उघडें ठेविलें, कीं तेवढा वेळ येणारा सगळा प्रकाश तो सांठवितो.

हे रंग येतात कोठून? सौरवाऱ्यामुळें पृथ्वीचें चुंबकीय क्षेत्र खवळतें आणि त्यांतून वेगानें खालीं येणारे इलेक्ट्रॉन विरळ हवेंतील अणूंवर आदळतात. अणूंना मिळालेली शक्ति ते प्रकाशरूपानें परत देतात. हिरवा आणि तांबडा हे दोन्ही रंग प्राणवायूच्याच सुट्या अणूंचे! हिरवा प्रकाश सोडण्यास अणूला सरासरी पाऊण सेकंद लागतो. तांबड्यास मात्र जवळजवळ दोन मिनिटें. शंभर किलोमीटर उंचीवर हवा इतकी दाट असते कीं तेवढ्या अवधींत अणूला शेजाऱ्यांचे धक्के बसून त्याची शक्ति निघून जाते. म्हणून तांबडा रंग दोनशें किलोमीटरच्या वरच खुलतो. खालच्या कडेची गुलाबी झांक आणि निळा-जांभळा रंग हे नत्रवायूचे.

ही उंची मोजली गेली, तीही छायाचित्रांनींच. १८९२ सालीं ब्रेंडेल यानें उत्तर नॉर्वेंत ध्रुवप्रकाशाचें पहिलें छायाचित्र घेतलें. पुढें १९१० च्या सुमारास गणिती कार्ल स्टॉर्मर यांनीं टेलिफोननें जोडलेल्या दोन ठिकाणांहून एकाच क्षणीं छायाचित्रें घेण्याचा क्रम सुरू केला. ताऱ्यांच्या संदर्भानें प्रकाश किती सरकलेला दिसतो, यावरून उंचीचें गणित सुटलें.

आपल्याच देशांतील उदाहरण घ्या. १० मे १९२४ नव्हे, शंभर वर्षांनंतर, १० मे २०२४ च्या रात्रीं मोठें सौरवादळ झालें, तेव्हां लडाखांतील हान्ले येथील वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनीं उत्तर क्षितिजावर तांबडी प्रभा टिपली. हिरवा पट्टा दूर उत्तरेस, पृथ्वीच्या गोलाईआड राहिला. वर दिसला तो केवळ त्याचा उंच तांबडा माथा.