प्रमाणग्रंथ कोण ठरवितो? बायबलबाहेरचे, पिटकाबाहेरचे आणि आपण

नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यात बौद्ध आणि ख्रिस्ती कुटुंबे शेजारी शेजारी नांदतात. विसाव्या शतकाच्या आरंभापासून स्कॅन्डिनेव्हियन अलायन्स मिशनने तेव्हाच्या पश्चिम खानदेशातील आदिवासी समाजांत काम केले, आणि चिंचपाड्याचे मिशन रुग्णालय आजही सर्व जातिधर्मांचे लोक जाणतात. अशा शेजारात धर्मचर्चा होणे साहजिक आहे. ती बहुधा दोन प्रश्नांपाशी येऊन अडते. आपले तरुण विचारतात की, येशूची आणखी कितीतरी शुभवर्तमाने होती, ती चर्चने पवित्र शास्त्राबाहेर का ठेवली? तिकडून प्रतिप्रश्न येतो की, तुम्ही वर्षावासात विहारात बसून जो 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचता, तो तुमच्या त्रिपिटकात कोठे आहे? प्रश्न विचारणाऱ्यांना ते परस्परविरोधी वाटतात. आमच्या मते तो एकच प्रश्न आहे, आणि दुसऱ्याच्या घरात त्याचे जे उत्तर आपण मागतो, तेच आपल्या घरातही लागू करण्याची तयारी असली पाहिजे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. ख्रिस्ती पवित्र शास्त्र म्हणजे सर्वत्र एकच ठरलेला ग्रंथ, ही समजूत बरोबर नाही. नवापूर भागातील प्रॉटेस्टंट कुटुंबांच्या हाती जे बायबल आहे त्यात 66 पुस्तके असतात, रोमन कॅथलिकांच्या बायबलात 73, आणि इथिओपियाच्या प्राचीन चर्चच्या यादीत त्याहूनही अधिक. त्या इथिओपियन यादीत हनोखाचे पुस्तक आहे, जे इतर बहुतेक चर्च मानीत नाहीत. मात्र सर्वांना मान्य असलेल्या नव्या करारातील यहूदाच्या पत्रात त्याच हनोखाच्या पुस्तकातील वचन आधारासाठी घेतलेले आहे. नव्या कराराच्या 27 पुस्तकांविषयी मात्र आज मोठे मतभेद उरलेले नाहीत.

ही 27 पुस्तके कोणी ठरविली? सम्राट कॉन्स्टंटाइनने इ.स. 325 च्या निकायेच्या परिषदेत हवी ती शुभवर्तमाने ठेवून बाकीची जाळली, असे आपल्याकडील व्याख्यानांत वारंवार ऐकू येते. त्या परिषदेत ग्रंथांच्या यादीचा निर्णय झालाच नव्हता. यादी हळूहळू, वापरातून घडली. नेमकी हीच 27 पुस्तके सांगणारे आपणास ज्ञात असलेले पहिले लेखन म्हणजे अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याचे इ.स. 367 चे पत्र. तोपर्यंतच्या तीन शतकांत निरनिराळ्या नगरांतील मंडळ्या निरनिराळी पुस्तके वाचीत होत्या. चौथ्या शतकातील सिनाय येथील प्रसिद्ध हस्तलिखितात नव्या करारानंतर बर्णबाचे पत्र आणि 'हर्मासचा मेंढपाळ' ही पुस्तके त्याच पोथीत लिहिलेली आहेत. पाचव्या शतकातील दुसऱ्या एका महत्त्वाच्या पोथीत रोमच्या क्लेमेंटची पत्रे आहेत. म्हणजे आज 'बाहेरचे' म्हटले जाणारे लेखन एकेकाळी दाराच्या आतच होते.

यांतील 'दिदाखे', म्हणजे बारा प्रेषितांची शिकवण, हे छोटेसे पुस्तक आमच्या वाचकांनी मुद्दाम लक्षात घ्यावे. त्याचे नाव प्राचीन याद्यांत होते, पण ग्रंथ हरवला होता. 1873 मध्ये फिलोथेऑस ब्रिएनियस या ग्रीक धर्मगुरूला तो कॉन्स्टंटिनोपलच्या एका ग्रंथसंग्रहात सापडला आणि 1883 मध्ये त्याने तो प्रसिद्ध केला. बाप्तिस्मा कसा द्यावा, उपवास कोणत्या दिवशी करावा, गावात आलेला उपदेशक खरा की पोटभरू हे कसे ओळखावे, असे त्याचे विषय आहेत. आलेला पाहुणा एक दिवस, फार तर दोन दिवस राहावा. तीन दिवस राहिला किंवा निघताना पैसे मागू लागला, तर तो खोटा समजावा, असा त्यात दंडक आहे. विनयपिटक वाचलेल्या माणसाला हे वाचताना परके वाटणार नाही.

त्याउलट 1945 साली वरच्या इजिप्तमधील नाग हम्मादी येथे मातीच्या रांजणात सापडलेल्या पोथ्यांतील थोमाचे शुभवर्तमान निराळ्या जातीचे आहे. त्यात 114 वचने आहेत. जन्मकथा नाही, चमत्कारांची मालिका नाही, वधस्तंभ नाही, पुनरुत्थानही नाही. बुद्धिवादी वाचकाला ते आवडते आणि 'हेच खरे शुभवर्तमान असणार' असे तो म्हणून मोकळा होतो. येथे थांबून विचार केला पाहिजे. आपल्या मताशी जुळते म्हणून एखादे लेखन जुने किंवा अस्सल ठरत नाही. थोमाच्या लेखनातील काही वचने जुनी असावीत, काही नंतरची आहेत, असे अभ्यासकांतही मतभेद आहेत.

मग हे लेखन पवित्र शास्त्रात गणावे काय? आमचे मत असे की, या प्रश्नात दोन प्रश्न मिसळलेले आहेत. एखादा ग्रंथ उपासनेच्या वेळी सर्वांसमोर वाचावा काय, हा एक. आणि त्या ग्रंथात सांगितलेले खरे व हितकर आहे काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर तो समाजच देऊ शकतो. बाहेरच्याने त्यांच्या यादीत भर घालण्याचा आग्रह धरणे उचित नव्हे. जुन्या ख्रिस्ती आचार्यांनाही हा भेद ठाऊक होता. एका प्राचीन यादीत 'हर्मासचा मेंढपाळ' हा खासगी वाचनास योग्य, पण मंडळीत प्रेषितांच्या लेखनाबरोबर वाचण्यास नव्हे, असे म्हटले आहे. 'यादीत नाही' याचा अर्थ 'खोटे' असा त्यांनीही केला नाही. गोंधळ होतो तो पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याला चिकटविल्यामुळे.

आपल्या समाजातही हा गोंधळ दिसतो. येशू भारतात आला, लडाखच्या मठात राहून बुद्धाचा उपदेश शिकला, असे सांगणारे 'दडपलेले शुभवर्तमान' आपल्यातील काही वक्ते मोठ्या उत्साहाने पुढे करतात. त्याचा उगम निकोलस नोतोविच या रशियन प्रवाशाने 1894 मध्ये फ्रेंचमध्ये छापलेल्या पुस्तकात आहे. हेमिस मठात आपण ती पोथी वाचवून घेतली, असा त्याचा दावा होता. मॅक्स म्युलर यांनी त्याच वर्षी त्यावर गंभीर शंका घेतल्या. पुढच्या वर्षी जे. आर्चिबाल्ड डग्लस हे प्राध्यापक स्वतः हेमिसला गेले, तेव्हा मठाच्या प्रमुखांनी अशी पोथी असल्याचे साफ नाकारले. बुद्धाची थोरवी सिद्ध करण्यासाठी अशा कुबडीची गरज नाही, आणि ख्रिस्ती मित्रासमोर ती वापरणे हे सम्यक वाचेत बसत नाही.

याहून कितीतरी अद्भुत आणि पूर्णपणे खरी अशी हकिकत उपलब्ध असताना तर नाहीच नाही. मध्ययुगीन ख्रिस्ती जगात 'बार्लाम आणि योसाफात' ही कथा अतिशय लोकप्रिय होती. भारतातला राजपुत्र, त्याला दुःखाचे दर्शन घडू नये म्हणून पित्याने केलेला बंदोबस्त, वृद्ध व रोगी यांचे दर्शन, राज्यत्याग असा तिचा सांगाडा आहे. योसाफात हे नाव 'बोधिसत्त्व' या शब्दाचेच अनेक भाषांतून झिजत आलेले रूप होय. रोमन चर्चच्या संतांच्या यादीत 27 नोव्हेंबर हा दिवस या दोघांच्या नावे होता. आता पुढचे पाहा. दुसऱ्या शतकात अॅरिस्टाइडिस नावाच्या अथेन्सच्या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने सम्राटाला उद्देशून आपल्या धर्माचे समर्थन लिहिले होते. ते हरवले होते. 1889 मध्ये रेंडेल हॅरिस यांना सिनायच्या मठात त्याचे सिरियाक भाषांतर मिळाले. ते पाहताच आर्मिटेज रॉबिन्सन यांच्या ध्यानात आले की, याचा ग्रीक मजकूर आपण पूर्वी वाचला आहे, आणि तो याच योसाफातच्या कथेत, एका पात्राच्या भाषणात! बायबलबाहेरचे एक आद्य ख्रिस्ती लेखन शतकानुशतके टिकले ते बुद्धचरित्राच्या पोटात.

आता आपल्या घराकडे वळू. भगवंतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहात पाचशे भिक्खूंनी धम्म व विनय यांचे संगायन केले. ते संपल्यावर दक्षिणागिरीहून पुराण नावाचे थेर आपल्या भिक्खूंसह तेथे आले. थेरांनी हे संगायन मान्य करावे, असे त्यांना सांगण्यात आले. संगायन उत्तम झाले, परंतु भगवंतांच्या मुखातून मी जसे ऐकले आणि ग्रहण केले तसेच मी धारण करीन, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. हा प्रसंग चुल्लवग्गात आहे, म्हणजे ज्या संगीतीचे प्रामाण्य त्यांनी पुरते स्वीकारले नाही तिच्याच परंपरेने तो जपून ठेवला. पुराण थेरांना संघाबाहेर घातल्याचा तेथे उल्लेख नाही. आम्हाला संगीतीच्या वृत्तांतातील ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

पिटकाची सीमाही सर्वत्र एक नाही. खुद्दकनिकायात सामान्यतः 15 ग्रंथ मोजले जातात. ब्रह्मदेशाच्या परंपरेत मिलिंदपञ्ह, नेत्तिप्पकरण, पेटकोपदेस आणि सुत्तसंगह हेही त्यात येतात. रंगूनला 1954 ते 1956 या काळात भरलेल्या सहाव्या संगीतीच्या आवृत्तीनुसार इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने जे देवनागरी ग्रंथ छापले, त्यांत मिलिंदपञ्ह आहे. श्रीलंकेचा उपासक त्याच ग्रंथाला आदरणीय, पण पिटकाबाहेरचा म्हणतो. यावरून दोन्ही देशांत भांडण झालेले नाही. सम्राट अशोकाने तर बैराटच्या लेखात, भगवंतांनी सांगितलेले सर्वच सुभाषित आहे असे म्हणून, भिक्खू, भिक्खुणी, उपासक आणि उपासिका यांनी वारंवार ऐकावेत असे सात धम्मपर्याय निवडून दिले. ते सात कोणते हे पालि ग्रंथांत शोधण्याचे काम करणाऱ्यांत आपले धर्मानंद कोसंबी होते.

कसोटी कोणती, हे भगवंतांनी स्वतः सांगितले आहे. महापरिनिब्बान सुत्तातील चार महापदेसांनुसार, कोणी 'हे मी प्रत्यक्ष भगवंतांकडून ऐकले' असे म्हटले तरी ते लगेच स्वीकारू नये आणि लगेच धिक्कारूही नये. सुत्त आणि विनय यांच्याशी ताडून पाहावे. कालाम सुत्तात तर, पिटकात आहे एवढ्यावरून मानू नका, असेही सांगितले आहे. ही दोन सुत्ते एकत्र वाचली म्हणजे आमची भूमिका स्पष्ट होईल: पिटकात असणे हा पुरावा आहे, निकाल नव्हे.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ग्रंथाकडे याच दृष्टीने पाहावे लागते. 1950 साली 'महाबोधी' नियतकालिकातील लेखात त्यांनी, बौद्धांच्या अफाट वाङ्मयसागरात सामान्य माणसाने शिरणे अशक्य आहे, म्हणून ख्रिस्ती माणसाला जसे बायबल तसा एक सुटसुटीत ग्रंथ हवा, असे म्हटले. त्यात काय असावे हेही सांगितले: बुद्धाचे संक्षिप्त चरित्र, चिनी धम्मपद, काही महत्त्वाचे संवाद, आणि जन्म, दीक्षा, विवाह व मृत्यू यांचे विधी. पालि नव्हे, चिनी धम्मपद! त्यांची दृष्टी एका भाषेच्या पिटकापुरती नव्हती, हे या एका शब्दावरून कळते. 1951 मध्ये अभिप्रायासाठी काढलेल्या मर्यादित प्रतींवर 'बुद्ध अँड हिज गॉस्पेल' असे नाव होते. 1957 मध्ये, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, ग्रंथ आजच्या नावाने प्रसिद्ध झाला. 1959 साली त्याच 'महाबोधी'त त्याचे कठोर परीक्षण आले. हा बुद्धाचा नव्हे, आंबेडकरांचा धम्म आहे, असा त्याचा रोख होता. नवापूरचा प्रतिप्रश्न त्याच वळणाचा आहे.

त्यावर आपल्यातील काही जण रागावतात आणि 'हाच आमचा एकमेव ग्रंथ, यातील अक्षरही तपासायचे नाही' असे उत्तर देतात. आमच्या मते हे उत्तर बाबासाहेबांच्या ग्रंथालाच मान्य नाही. बुद्धवचनाचे चुकीचे निवेदन कसे होत गेले, याची चर्चा त्यांनी त्यात स्वतः केली आहे. भगवंतांच्या हयातीतही असे घडल्याची पाच उदाहरणे सुत्तांतून दिली आहेत आणि कसोट्याही दिल्या आहेत: जे विवेकाला व तर्काला धरून आहे ते, माणसाच्या कल्याणाशी संबंध नसलेल्या वादात भगवंत पडत नसत, म्हणून तसा वाद त्यांच्या नावे लावू नये, आणि ज्या बाबी निश्चित नाहीत त्यांवरची त्यांची मते त्यांनी तात्पुरती म्हणून सांगितली. हा महापदेसांचाच पुढचा टप्पा आहे. परीक्षेचे साधन देणारा ग्रंथ परीक्षेतून सूट मागत नाही.

उदाहरण म्हणून महाभिनिष्क्रमणाचे प्रकरण घ्या. वृद्ध, रोगी आणि प्रेत प्रथमच पाहून सिद्धार्थाने एकोणतिसाव्या वर्षी घर सोडले, ही कथा बाबासाहेबांनी नाकारली आणि रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात उद्भवलेला तंटा हे कारण दिले. हा तंटा पालि अट्ठकथांत येतो, पण संबोधीनंतरचा प्रसंग म्हणून. भगवंत तेथे मध्यस्थी करतात. म्हणजे काळ बदललेला आहे, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. त्याचबरोबर हेही सांगितले पाहिजे की, सुत्तनिपातातील अत्तदण्ड सुत्तात भगवंत स्वतःच्या संवेगाचे कारण सांगतात ते शस्त्र आणि कलह हेच. अपुऱ्या पाण्यात तडफडणाऱ्या माशांसारखी माणसे एकमेकांविरुद्ध उभी ठाकलेली पाहून आपणास भय वाटले, असे ते म्हणतात. कोसंबींनी या सुत्ताकडे बाबासाहेबांच्या आधीच लक्ष वेधले होते. अट्ठकवग्ग हा सुत्तनिपाताचा फार प्राचीन भाग समजला जातो, तर चार दृश्यांची कथा सिद्धार्थाच्या चरित्राला नंतर जोडली गेली, असे पुष्कळ अभ्यासक मानतात.

भदन्त आनंद कौसल्यायन यांनी या ग्रंथाचे हिंदी भाषांतर करताना मूळ पालि आधार शोधून काढण्याचे कष्ट घेतले, आणि 2011 मध्ये आकाश सिंह राठोड व अजय वर्मा यांनी संपादित केलेली इंग्रजी चिकित्सक आवृत्तीही निघाली. नंदुरबार, शहादे, तळोदे येथील विहारांत आषाढ पौर्णिमेपासून जे ग्रंथवाचन चालते, त्यात प्रत्येक प्रकरणानंतर त्याचा आधार कोणत्या सुत्तात आहे, कोठे बाबासाहेबांनी क्रम बदलला आणि कोठे त्यांचे स्वतःचे विवेचन आहे, हे दोन-चार वाक्यांत सांगण्याची प्रथा पाडता येईल. त्यासाठी वाचकाजवळ मूळ ग्रंथाबरोबर निदान सुत्तनिपात, धम्मपद आणि दीघनिकायाचे भाषांतर असावे. या तिन्हींची भाषांतरे मिळतात, आणि वर्षावासाचे तीन महिने त्यास पुरेसे आहेत.