जरा थांबव गं, बोलायचंय!

सिनेमा पाहावा तर थिएटरातच, असं आमच्या वडिलांचं ठाम मत होतं. घरी टीव्हीसमोर बसून पाहतात त्याला ते ‘सिनेमा चाळणं’ म्हणत. गंमत अशी, की घरात टीव्हीवर सिनेमा लागला की सर्वांत आधी खुर्ची ओढून बसत ते तेच. आणि बसल्यावर गप्प बसतील तर शपथ! ‘आता बघ, हा मरणार’, ‘हा पोलीस नाही, सोंग आहे’, असे सगळे शेवट ते आधीच सांगून टाकत. आई चिडायची. आम्ही भावंडं कानांवर हात ठेवायचो. वडील शांतपणे म्हणायचे, ‘थिएटरात बोलता येत नाही, म्हणून तर घरी बघायचा!’

वडिलांना जाऊन आता सहा वर्षं झाली. आई आमच्याकडे असते. वय शहात्तर. माझी मुलगी तेवीस वर्षांची. पुण्यात नोकरी करते आणि शनिवारी-रविवारी घरी येते. गेल्या पावसाळ्यात या दोघींनी एक बेत काढला, की दर रविवारी दुपारी सगळ्यांनी मिळून एक सिनेमा पाहायचा. एका आठवड्यात जुना, दुसऱ्या आठवड्यात नवा. निवड आळीपाळीनं. या काही महिन्यांत जे पाहिलं आणि त्याहून जास्त जे ऐकलं, त्याबद्दल हे चार शब्द.

घरी सिनेमा पाहण्याची सवय आपल्याला तशी जुनी. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं आणि पुढे शनिवारचा मराठी सिनेमा व रविवारचा हिंदी सिनेमा हे मध्यमवर्गीय घरांचं वेळापत्रकच होऊन बसलं. ज्याच्याकडे टीव्ही त्याच्याकडे अख्खी चाळ. पुढे पुढे लहान मुलं, मागे सतरंजीवर बायका, दारात चपलांचा ढीग. मध्येच बातम्या, मध्येच ‘व्यत्यय’. मग आला व्हीसीआर. वर्गणी काढायची, रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर एका रात्रीपुरते भाड्यानं आणायचे आणि पैसे वसूल व्हावेत म्हणून लागोपाठ तीन सिनेमे बघायचे. तिसरा सिनेमा कुणालाच आठवत नसे, कारण तोवर निम्मे लोक तिथेच आडवे झालेले असत. पुढे केबल आली, सीडी आल्या, आणि आता तर हवा तो सिनेमा हव्या त्या क्षणी पडद्यावर हजर. थांबवा, मागे न्या, पुन्हा बघा.

या सोयीमुळे एक चाचणी आपोआप होते. थिएटरातला अंधार आणि भोवतीची गर्दी पुष्कळ सिनेमांना तारून नेते. घरी ती कुमक नसते. कुकरची शिट्टी होते, दारावर इस्त्रीवाला येतो, फोन वाजतो. एवढं सगळं होऊनही जो सिनेमा आपल्याला पुन्हा ओढून बसवतो, तो खरा टिकाऊ.

या चाचणीत ‘सामना’ पैकीच्या पैकी गुण घेऊन गेला. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, तेंडुलकरांची पटकथा, आणि समोरासमोर डॉ. श्रीराम लागू व निळू फुले. दारूत बुडालेला मास्तर आणि साखर कारखान्याचा सर्वेसर्वा हिंदुराव. दोन माणसं बोलत असतात आणि आपण हलत नाही. या सिनेमाला मोठा पडदा नसला तरी चालतो, कारण सगळं चेहऱ्यांवर घडतं. मारुती कांबळेबद्दलचा तो एकच प्रश्न मास्तर विचारत राहतो, आणि दरवेळी हिंदुरावांचा चेहरा थोडासा बदलतो. जवळून, घरच्या उजेडात, ते अधिकच दिसतं.

‘पिंजरा’चं मात्र उलटं झालं. १९७२ चा शांतारामबापूंचा हा सिनेमा आईच्या आठवणीत भलाथोरला होता, तो तमाशाच्या फडाचा दिमाख, ते रंग. घरच्या पडद्यावर तो दिमाख आकसला आणि गोष्टच तेवढी उघडी राहिली. आदर्श गुरुजी स्वतःच्याच खुनाच्या आरोपात सापडतो आणि तरीही ‘मी जिवंत आहे’ असं सांगत नाही. माझी मुलगी म्हणाली, ‘पण हा बोलत का नाही? सगळा दोष त्या नाचणारीवर ठेवून हा मरून मोठा होणार!’ आई म्हणाली, ‘अगं, त्याच्या नावावर गावानं श्रद्धा ठेवली होती ना.’ मुलगी म्हणाली, ‘मग खोट्यावर ठेवली.’ यावर चहा होईपर्यंत वाद चालला. मिटला नाही.

‘अशी ही बनवाबनवी’बद्दल वाद होण्याची शक्यताच नव्हती. १९८८ चा हा सिनेमा आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. पडद्यावरचा माणूस बोलायच्या आधीच घरातला बोलतो. सत्तर रुपयांचा विषय निघाला की माझा नवरा इतका हसतो, की पुढचे दोन संवाद ऐकूच येत नाहीत. गोष्टीचं मूळ हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’मध्ये असलं, तरी वसंत सबनीसांनी तिला असं काही मराठी करून टाकलं, की ती पुण्याशिवाय कुठे घडूच शकत नाही असं वाटावं. पण यंदा एक नवीनच गोष्ट ध्यानात आली. मुलगी लक्ष्या आणि सचिन साड्या नेसतात तिथे फारशी हसली नाही. ती हसली घर शोधण्याच्या प्रसंगांना, आणि तेही जरा कडवट. म्हणाली, ‘आई, एवढ्या वर्षांत हे काहीच बदललं नाही गं. मला खोली बघताना घरमालकीण विचारत होती, रात्री उशिरा येणार नाहीस ना, मित्र येणार नाहीत ना, अंडं शिजवणार नाहीस ना.’ आम्ही ज्याला धमाल विनोद म्हणत आलो, त्याच्या तळाशी चार बेघर पोरांची अडचण आहे. म्हणूनच तो विनोद शिळा होत नाही.

नव्या सिनेमांनी आमची वेगळीच फजिती केली. नागराज मंजुळ्यांचा ‘सैराट’ २०१६ साली आम्ही थिएटरात पाहिला होता. त्या शेवटाला अख्खं थिएटर कसं मुकं झालं होतं, ते मला अजून आठवतं. घरी तोच शेवट आला. रक्ताची पावलं उमटवत ते लेकरू दाराबाहेर येतं आणि पडद्यावरचा आवाज पूर्ण थांबलेला असतो. आईनं, जिनं तो पाहिला नव्हता, रिमोट उचलला आणि आवाज वाढवायला लागली! तिला वाटलं, टीव्ही बिघडला. मुलीनं हळूच तिच्या हातातून रिमोट काढून घेतला. मग पंख्याची घरघर आणि शेजारचा मिक्सर ऐकत आम्ही तो शेवट पाहिला. खरं सांगायचं तर थिएटरातल्यापेक्षा तो जास्त बोचला. असं काही घडत असताना शेजारी मिक्सर चालूच असतो, नाही का?

चैतन्य ताम्हाणेंच्या ‘कोर्ट’च्या वेळीही तेच. राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा हा सिनेमा घाई म्हणून करत नाही. न्यायालयाचं काम संपतं, माणसं निघून जातात, दिवे मालवतात, आणि कॅमेरा तिथेच. नवऱ्यानं विचारलं, ‘अडकलं का? वायफाय गेलं वाटतं.’ पण याच सिनेमातला एक भाग आईला फार आवडला. सरकारी वकीलबाई, म्हणजे गीतांजली कुलकर्णी, कोर्टातून लोकलनं घरी येते, मुलाला घेते आणि स्वयंपाकाला लागते. आई म्हणाली, ‘सकाळी एका माणसाला तुरुंगात ठेवा म्हणून सांगून आली, आणि आता पोळ्या. तिला त्यात काही वावगं वाटत नाही. असंच असतं. नोकरी ही नोकरी.’ परीक्षणांच्या रकान्यांत हे इतक्या सरळ शब्दांत माझ्या तरी वाचनात आलं नव्हतं.

‘श्यामची आई’ आणि ‘श्वास’ आम्ही मुद्दाम लागोपाठच्या रविवारी पाहिले. अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक १९५४ साली मिळालं. त्यानंतर तो मान पुन्हा मराठीकडे यायला ‘श्वास’ची, म्हणजे २००४ सालाची वाट पाहावी लागली. पन्नास वर्षं! दोन्हींत एक लहान मुलगा आणि त्याच्यावर जीव असलेलं एक वडीलधारं माणूस. पण श्याम पोहायला घाबरतो म्हणून आई त्याला फोकानं मारते, तिथे मुलगी ताठ बसली. ‘ही संस्काराची गोष्ट?’ ‘श्वास’मधला आजोबा मात्र तिला फार जवळचा वाटला. नातवाचा जीव वाचवायचा तर डोळे जाणार, म्हणून शस्त्रक्रियेआधी त्याला जग दाखवायला तो गुपचूप दवाखान्याबाहेर घेऊन जातो. मला दोन्ही आवडतात. पण लहानपणी मी श्यामच्या बाजूनं रडायचे आणि आता त्याच्या आईच्या हातातला फोक मला जड वाटतो, एवढं कबूल करते. सिनेमा तोच असतो, आपण जागा बदलून बसलेलो असतो.

आता ज्या रविवारसाठी हा लेख लिहायला घेतला, त्याबद्दल.

पाळी मुलीची होती आणि तिनं निवडला ‘उंबरठा’. शांता निसळांच्या ‘बेघर’ कादंबरीवरचा १९८२ चा हा सिनेमा. स्मिता पाटील यात सुलभा महाजन. सुखवस्तू घर, वकील नवरा, लहान मुलगी. समाजकार्याचं शिक्षण घेतलेल्या सुलभाला दूरगावच्या महिला सुधारगृहात अधीक्षकेची नोकरी मिळते. मुलीला जावेकडे सोपवून ती जाते. सिनेमा आला तेव्हा घराघरांत एकच चर्चा होती म्हणतात, की आईनं असं मूल टाकून जावं का?

सुलभा निघते त्या प्रसंगाशी आई म्हणाली, ‘जरा थांबव गं, बोलायचंय.’

पडद्यावर स्मिताचा चेहरा थांबला. आम्हाला वाटलं, आईला चहा हवा असेल. आई म्हणाली, ‘हा मी ह्यांच्याबरोबर पाहिला होता, दादरला. येताना गाडीत आम्ही एक शब्द बोललो नाही. त्याच्या आदल्या वर्षी मला बँकेतून पत्र आलं होतं. बढती होती. पण नागपूरला जावं लागणार होतं, दोन वर्षं. मी नाही म्हणून कळवलं. त्या रात्री घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, तुला जायचं होतं का? मी म्हटलं, छे, मला कुठे हौस.’

जरा वेळानं म्हणाली, ‘खोटं बोलले होते.’

मी त्या वर्षी सहा वर्षांची होते. म्हणजे नागपूर न घडण्याचं कारण बहुधा मीच. पन्नाशीला आलेल्या मुलीला ही गोष्ट इतक्या वर्षांनी, एका थांबवलेल्या सिनेमासमोर कळत होती. माझ्या तोंडून शब्द फुटेना. मुलीनंच विचारलं, ‘आजी, मग का नाही गेलीस?’ आईनं माझ्याकडे बोट दाखवलं. ‘हिला गोवर आला होता गं. उत्तर त्याच आठवड्यात द्यायचं होतं.’ आणि हसली. मग पदरानं चष्मा पुसत म्हणाली, ‘लाव पुढे. ती पोचली का बघू.’

पुढचा सिनेमा आम्ही कुणी काही न बोलता पाहिला. सुलभा परत येते तेव्हा घरात तिची जागा उरलेली नसते, नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी स्त्री आलेली असते, आणि ती पुन्हा उंबरठा ओलांडते. मुलीला हा शेवट विजयाचा वाटला. आईला नाही. ती म्हणाली, ‘गेली ते बरोबर केलं. पण त्या जावेचं कुणी काही विचारलं नाही. तिनंही मूल वाढवलंच ना?’ माझी सहानुभूती कुणीकडे, ते मला त्या दिवशी ठरवता आलं नाही. अजूनही येत नाही.

वडील म्हणायचे ते खरंच होतं. थिएटरात बोलता येत नाही. तिथून परतताना गाडीत तर त्या दोघांनाही बोलता आलं नव्हतं. ते बोलणं घरच्या पडद्यानं इतक्या उशिरा करून दिलं, तेही ज्याला ऐकायला हवं होतं तो खुर्चीत नसताना.

आज सिनेमा घरी पाहणं म्हणजे बहुतेक घरांत चौघांनी चार खोल्यांत चार मोबाइलवर चार सिनेमे पाहणं झालं आहे. आमच्याकडेही तेच होतं. त्यात पाप काही नाही, निवडीचं भांडणही टळतं. पण कानात गोळे घालून पाहिलेल्या सिनेमात ‘थांबव’ कुणाला म्हणणार? २०१३ च्या ‘लंचबॉक्स’मध्ये इरफान खानचा एकटा विधुर बायकोनं टेप करून ठेवलेले ‘ये जो है जिंदगी’चे जुने भाग रात्री बघत बसतो. त्याला मालिका बघायची नसते. त्याच त्या विनोदांना पुन्हा पुन्हा हसणारी बायको त्याला आठवायची असते. आमची आईही हल्ली जुन्या सिनेमात मध्येच म्हणते, ‘आता बघ, हा मरणार.’ पूर्वी तिला याचाच राग यायचा.

येत्या रविवारची निवड आईची आहे. आम्हाला वाटलं, काहीतरी कृष्णधवल काढेल. तिनं परेश मोकाशींचा ‘वाळवी’ सांगितला. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी शिफारस केली म्हणे. ‘खुनाचा आहे, पण हसू येतं. रडके पुष्कळ झाले,’ असं तिचं म्हणणं. वर सगळ्यांना ताकीदही दिली आहे, की ज्यांनी पाहिलाय त्यांनी तोंड उघडायचं नाही. शेवट कुणी सांगितला तर ती उठून जाणार आहे.