रक्ताचा दाखला आणि संसाराचा निर्णय

गडचिरोली-चंद्रपूरच्या अरण्यप्रदेशापासून सातपुड्याच्या कुशीतील नंदुरबारपर्यंत ‘सिकलसेल’ हा शब्द आता कोणास परका राहिलेला नाही. परंतु ज्या घरात ही व्याधी शिरते, त्या घरातील तरुण-तरुणींना विवाहाच्या आणि अपत्याच्या बाबतीत जो कठीण निर्णय करावा लागतो, त्याविषयी मात्र आपल्याकडे फारच थोडे बोलले जाते.

व्याधीचे मूळ अतिसूक्ष्म आहे. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले, एवढाच काय तो फरक. पण त्यापायी प्राणवायू कमी पडताच तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात आणि लेकराचे हातपाय, सांधे असह्य ठणकू लागतात. हा दोष मातापिता उभयतांकडून आला तरच अपत्य रुग्ण होते. एकाकडूनच आला तर ते केवळ वाहक ठरते, आणि वाहक सहसा आयुष्यभर धडधाकट असतो. किंबहुना हिवतापाच्या घातक स्वरूपापासून त्याला काहीसे संरक्षणच लाभते, आणि म्हणूनच हिवतापाच्या मुलखांत हा दोष पिढ्यानपिढ्या टिकून राहिला. कुळाला लागलेला हा डाग नव्हे, हे निक्षून सांगितले पाहिजे.

पती-पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भाच्या वेळी रुग्ण अपत्याचा संभव चारांत एक असतो, आणि तो दर खेपेस नव्याने तितकाच असतो. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब कोणीही मांडू नये.

तपासणी साधी आहे. बोटातील रक्ताचा थेंब नळीतल्या द्रावणात टाकून मागे काळ्या रेघांचा कागद धरतात; रेघा स्वच्छ दिसल्या तर दोष नाही, द्रावण गढूळ होऊन त्या दिसेनाशा झाल्या तर दोष असावा असे समजतात. मात्र मनुष्य वाहक आहे की रुग्ण, हे ती नळी सांगू शकत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी करावीच लागते. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने चाळीस वर्षे वयापर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले, ते स्तुत्यच होय. पण तपासणीनंतर निष्कर्षाचे जे कार्ड हातात पडते, त्याचे पुढे काय होते? वाहकाने वाहकाशी विवाह टाळावा, हा सल्ला गणिताला धरून असला, तरी मुलाचे कार्ड पेटीत राहावे आणि मुलीचे मात्र चावडीवर यावे, हा अन्याय आहे. अहवाल ज्याचा त्याच्या मालकीचा; तो दाखवायचा की नाही, कोणाला आणि केव्हा, हे त्यानेच ठरवावे.

शिवाय दोन वाहकांनी विवाह केलाच, तरी सर्व वाटा बंद होत नाहीत. गर्भाच्या दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा सूक्ष्म अंश, किंवा पुढे सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजल तपासून निदान करता येते. गर्भलिंग सांगण्यास मनाई करणाऱ्या १९९४ च्या कायद्यानेच हिमोग्लोबिनच्या विकारांसाठी अशा तपासणीची मुभा ठेवली आहे, आणि मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत हे काम चालते. निदान प्रतिकूल आले तर गर्भ ठेवावा की नाही, हा निर्णय दाम्पत्याचा, आणि त्यातही प्रथम त्या स्त्रीचा आहे. वैद्याने समजावून सांगावे, हुकूम सोडू नये. मूल ठेवणाऱ्या आईलाही अपराधी लेखण्याचे कारण नाही, कारण बालपणीच निदान, पेनिसिलिन, लसी आणि हायड्रॉक्सियुरिया यांची नीट तजवीज झाली तर रुग्णाचे आयुष्य पुष्कळ सुसह्य होते.

या सर्व वाटा उघड्या राहतात त्या वेळेवर कळले तरच. स्त्रीची तपासणी गरोदरपणाची नोंद होताच होते; पण पती मजुरीसाठी परगावी असतो, त्याच्या रक्ताची आठवण महिन्यांनी होते आणि तोवर गर्भनिदानाची मुदत टळते. म्हणून एवढीच विनंती: पत्नीच्या अहवालात ‘वाहक’ असे आले, तर पतीने त्याच आठवड्यात, जिथे असेल तिथल्या सरकारी दवाखान्यात, आपले रक्त तपासून घ्यावे.