घरच्यांनी ठरवलं म्हणून कुणालाही मनोरुग्णालयात ठेवता येतं का?

‘याला येरवड्याला पाठवा’, ‘हिला ठाण्याला भरती करा’ अशी वाक्यं महाराष्ट्रात थट्टेत आणि भांडणातही ऐकू येतात. दोन्ही ठिकाणी सरकारी मनोरुग्णालयं आहेत. पण इच्छेविरुद्ध कुणाला खरंच असं दाखल करता येतं का?

हो, पण फक्त घरच्यांच्या सांगण्यावरून नाही. त्यासाठी ‘मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017’ मध्ये अटी आणि मुदती ठरवल्या आहेत.

अटी काय आहेत?

रुग्णाच्या प्रतिनिधीचा अर्ज लागतो. हा प्रतिनिधी कोण असेल, हे सज्ञान व्यक्ती आधीच लिहून ठेवू शकते. त्यानंतर दोन तज्ज्ञ स्वतंत्रपणे तपासणी करतात. त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञच असावा लागतो. आजारामुळे त्या व्यक्तीचा स्वतःच्या किंवा इतरांच्या जिवाला धोका आहे, किंवा ती स्वतःची काळजीच घेऊ शकत नाही, असं दोघांचंही मत हवं.

घरच्यांशी पटत नाही, समाजाच्या चालीरीती मान्य नाहीत किंवा पूर्वी कधी उपचार घेतले होते, एवढ्यावरून कुणालाही मनोरुग्ण ठरवता येत नाही.

किती दिवस ठेवता येतं?

सुरुवातीला जास्तीत जास्त 30 दिवस. त्याआधीच बरं वाटलं, तर अडवून ठेवता येत नाही. पुढे ठेवायचं असेल, तर दोन मानसोपचारतज्ज्ञांची तपासणी आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाची परवानगी लागते. ती आधी 90, मग 120 आणि त्यानंतर प्रत्येक वेळी 180 दिवसांपर्यंत मिळू शकते.

पोलीस आणि कोर्टाचं काय?

रस्त्यावर भटकणाऱ्या आजारी व्यक्तीला पोलिसांनी 24 तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचं असतं. तिला कोठडीत ठेवता येत नाही. 1987 च्या जुन्या कायद्यात मॅजिस्ट्रेटच्या आदेशावर रुग्णालयात ठेवलं जायचं. आता मॅजिस्ट्रेट तपासणीसाठी जास्तीत जास्त 10 दिवस दाखल करण्याचा आदेश देऊ शकतात.

दाद कुठे मागायची?

दाखल केल्याची माहिती रुग्णालयाने मंडळाला 7 दिवसांत द्यायची असते. महिला आणि अल्पवयीनांच्या बाबतीत 3 दिवसांत. रुग्ण स्वतः मंडळाकडे तक्रार करू शकतो. मंडळाचा निर्णय पटला नाही, तर हायकोर्टात जाता येतं. यासाठी मोफत वकील मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे.

घरातल्या कुणाला मानसिक त्रास होत असेल, तर सरकारच्या ‘टेली-मानस’ हेल्पलाइनवर 14416 या क्रमांकावर बोलता येईल.