पेशींनी झटकलेली धूळ की धाडलेला निरोप?

गुडघेदुखीचा किंवा केसगळतीचा रुग्ण अलीकडे आमच्यासमोर बसून विचारतो, "वैद्यराज, एक्झोसोमचे इंजेक्शन घेऊ का?" त्याच्या हाती बहुधा एखादे रंगीत माहितीपत्रक असते. त्याला उत्तर देण्यापूर्वी हे द्रव्य काय आहे ते आपण वैद्यांनी नीट जाणून घ्यावे, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

शरीरातील बहुतेक सर्व प्रकारच्या पेशी पातळ आवरणात गुंडाळलेल्या अतिसूक्ष्म पुटिका बाहेर सोडत असतात. रक्त, मूत्र, लाळ, स्तन्य या सर्वांत त्या आढळतात. एक्झोसोम हा त्यांतील लहान प्रकार. त्याचा व्यास सुमारे ३० ते १५० नॅनोमीटर. १०० नॅनोमीटरचे दहा हजार एक्झोसोम ओळीने मांडले तर एक मिलिमीटर भरेल. पेशीच्या आतील एका कोशात ते घडतात. तो कोश पेशीच्या बाह्य आवरणाशी एकरूप होतो आणि आतील पुटिका बाहेर पडतात. बाह्य आवरणालाच फुगवटा येऊन सुटणाऱ्या पुटिका निराळ्या. त्यांचा आकार सुमारे एक हजार नॅनोमीटरपर्यंत असू शकतो.

या कणांची पहिली चाहूल रक्त गोठण्याच्या अभ्यासात लागली. १९४६ मध्ये चारगाफ आणि वेस्ट यांना असे दिसले की, बिंबाणू काढून टाकलेला रक्तद्रव अतिवेगाने फिरवून तळाचा साका वेगळा केला, तर उरलेला द्रव गोठण्यास अधिक वेळ घेतो. साका परत मिसळताच तो लवकर गोठतो. १९६७ मध्ये पीटर वुल्फ यांनी हे कण बिंबाणूंपासून आल्याचे दाखवले आणि त्यांना 'बिंबाणूंची धूळ' म्हटले. १९८३ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस आणि कॅनडातील माँट्रियल येथील संशोधकांनी अपक्व रक्तपेशी लोह स्वीकारण्याचे ग्राहक पुटिकांतून बाहेर टाकताना पाहिल्या. साहजिकच हा पेशीचा मलोत्सर्ग होय, असे पुष्कळांना वाटले.

पुढे ही समजूत अपुरी ठरली. १९९६ मध्ये प्रतिकारसंस्थेच्या बी पेशींच्या एक्झोसोममुळे टी पेशी उद्दीपित होतात, हे रापोसो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. २००७ मध्ये स्वीडनमधील वलादी, लोटवाल प्रभृतींनी उंदराच्या मास्ट पेशींचे एक्झोसोम मानवी मास्ट पेशींना दिले, तेव्हा मानवी पेशींत उंदराची प्रथिने निर्माण झाली. टाकाऊ मानलेल्या पुटिकेतून आरएनएच्या रूपाने कामाचा निरोप पोहोचला होता. हा निरोप हितकरच असतो असे मात्र नाही. अर्बुदाच्या पेशीही पुटिका सोडतात. त्यांच्यावरील इंटिग्रिन नावाची प्रथिने रोग फुप्फुसात पसरेल की यकृतात, याच्याशी निगडित असतात, असे २०१५ मध्ये दिसून आले.

हे सारे वाचताना एक्झोसोम म्हणजेच आपले ओज, असे समीकरण मांडण्याचा मोह होतो. आम्ही तो आवरतो. साम्य म्हणजे सिद्धता नव्हे. आल्याचेच पाहा. ताज्या आल्याच्या रसातून वेगळे केलेले असेच सूक्ष्म कण उंदरांना मुखावाटे दिले असता आतड्याचा शोथ कमी झाला, असे २०१६ मधील संशोधन आहे. परंतु ते उंदरांतील निरीक्षण आहे. त्यावरून आर्द्रकाचा रस किंवा सुंठ यांच्या मानवी चिकित्सेविषयी काही ठरत नाही.

आता रुग्णाच्या प्रश्नाकडे वळू. शुद्ध एक्झोसोम मिळवणे कठीण असते, कारण रक्तातील स्निग्ध कण जवळजवळ त्याच आकाराचे असून साक्यात मिसळून येतात. शिवाय एकाच पेशीच्या पुटिकाही एकसारख्या नसतात. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जनतेला सावध केले. नेब्रास्का राज्यात एक्झोसोम म्हणून विकलेली उत्पादने घेतलेल्या रुग्णांना गंभीर उपद्रव झाले होते आणि अशा एकाही उत्पादनास त्या प्रशासनाची मान्यता नव्हती.

चरकसंहितेत परीक्षेची चार साधने सांगितली आहेत : आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती. माहितीपत्रक यांपैकी एकातही बसत नाही. म्हणून रुग्णाला आम्ही तीन प्रश्न लिहून देतो. हे द्रव्य कोणाच्या कोणत्या पेशींपासून काढले? त्याची शुद्धता आणि मात्रा कशी मोजली? या व्याधीसाठी त्यास कोणाची मान्यता आहे? तिन्ही उत्तरे लेखी मिळेपर्यंत सुई टोचून घेऊ नये, असे आम्ही स्पष्ट सांगतो. पेशींचा निरोप पुरता वाचता येण्याआधी तो दुसऱ्याच्या देहात धाडणे, हे वैद्याचे काम नव्हे.